फळीचा वस्ताद

तालमीत नवं पोर आलं की वस्ताद त्याला लगेच डाव शिकवायला घेत नाही. आधी खोऱ्यानं हौद उकरायला लावतो. हळद, तेल, ताक, लिंबू मुरवलेली तांबडी माती पोराच्या नखांत जाते, जोर-बैठकांनी अंग धरायला लागतं, आणि मग एका पहाटे वस्ताद स्वतः हौदात उतरतो, पोराच्या मानेवर पंजा ठेवतो आणि म्हणतो, "ढकल मला." पोरगं ताकद लावतं. वस्ताद हलत नाही. पोरगं आणखी जोर करतं, तसा वस्ताद अर्धं पाऊल बाजूला होतो आणि पोरगं आपल्याच जोरानं मातीत तोंडावर जातं. "डोळ्यानं बघत बसू नको," वस्ताद सांगतो, "हाताला कळू दे."

हे मी सोलापुरात लहानपणी ऐकलं. आमच्याकडे तालीम म्हणजे नुसता हौद आणि चार भिंती नव्हेत, ती गल्लीची ओळख असते. पाणीवेस तालीम, पत्रा तालीम, थोरला मंगळवेढा तालीम ही नावं पत्ता सांगताना सहज येतात. त्यातल्या कितीतरी नावांचा संबंध आता कुस्तीपेक्षा उत्सवाशी जास्त उरला आहे, पण जिल्ह्याच्या गावोगाव माती अजून उकरली जाते. २०२५ च्या मार्चमध्ये कर्जतच्या मैदानात महाराष्ट्र केसरीची गदा सोलापूर जिल्ह्याच्या वेताळ शेळकेनं उचलली, ती अशाच शिकवणीवर.

वस्तादाचं ते वाक्य मला पुन्हा आठवलं ते फार दूरच्या एका खेळाकडे बघताना. अमेरिकन फुटबॉलमध्ये एक प्रशिक्षक असतो, त्याला डिफेन्सिव्ह लाइन कोच म्हणतात. बचावाच्या पहिल्या फळीतल्या तीन-चार अवजड गड्यांना शिकवणं एवढंच त्याचं काम. त्या कामाची रीत आणि त्या माणसाचं आयुष्य आपल्या वस्तादाच्या इतकं जवळचं आहे की हा खेळ अजिबात ठाऊक नसलेल्या मराठी वाचकालाही ते ओळखीचं वाटेल. म्हणून हे प्रकरण.

आधी खेळ. नाव फुटबॉल, पण चेंडू हातात धरून पळायचा किंवा फेकायचा. एका बाजूला अकरा गडी. हल्ला करणाऱ्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड, म्हणजे साधारण नऊ मीटर पुढे सरकायचं असतं. जमलं तर आणखी चार प्रयत्न, नाही जमलं तर चेंडू समोरच्यांचा. प्रत्येक प्रयत्न एका रेषेवरून सुरू होतो. कबड्डीत मध्यरेषेपासून निदान रेषेपर्यंत पावणेचार मीटर मोकळी जागा असते, तिथं चढाईवाला आणि पकडीवाले एकमेकांना जोखतात. इथं तसं काही नाही. दोन्ही संघांचे सर्वांत थोराड गडी समोरासमोर वाकून बसलेले, आणि मधलं अंतर चेंडूच्या लांबीएवढं, २८ सेंटीमीटर. वीतभराहून थोडं जास्त. समोरच्याचा श्वास तोंडावर येतो.

हल्ल्याच्या बाजूचे पाच गडी आपल्या क्वार्टरबॅकभोवती भिंत उभी करतात. क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू कुणाकडे जाणार ते ठरवणारा, फेकणारा, सगळ्यांत लाडका आणि सगळ्यांत महागडा गडी. त्याच्या हातात चेंडू आल्यापासून तो सुटेपर्यंत साधारण अडीच-तीन सेकंद जातात. तेवढ्यात समोरच्या फळीनं भिंत फोडून त्याच्यापर्यंत पोचायचं. चेंडू फेकण्याआधीच त्याला खाली पाडलं तर त्याला सॅक म्हणतात. एक सामना चालतो तीन तास, पण चेंडू प्रत्यक्ष खेळता असतो तो जेमतेम अकरा मिनिटं. म्हणजे एका फळीपुरता हा खेळ तीन-चार सेकंदांच्या साठ-सत्तर कुस्त्यांचा आहे, आणि प्रत्येक कुस्ती खडाखडी न होताच अंगाला भिडते.

एवढ्या वेळात विचार करायला सवड नसते. डोळ्यानं पाहून, डोक्यानं ठरवून, मग हात उचलायचा म्हटलं तर सगळं उरकलेलं असतं. फळीच्या प्रशिक्षकाची सगळी विद्या इथून सुरू होते.

तो पहिली गोष्ट शिकवतो ती कान बंद करण्याची. क्वार्टरबॅक चेंडू मागवताना ओरडतो, आणि ओरडण्याची लय मुद्दाम बदलतो. फळीतला गडी त्या आवाजाला फसून आधीच उसळला की पाच यार्डांचा दंड. म्हणून आवाज ऐकायचा नाही, चेंडू बघायचा. सरावात प्रशिक्षक एका काठीच्या टोकाला चेंडू बांधतो, रेषेवर टेकवून धरतो, तोंडानं वाट्टेल ते ओरडत राहतो आणि मनात येईल तेव्हा काठी हलवतो. काठी हलली की उठायचं. एका दुपारी हे पन्नास-शंभर वेळा. लाखो डॉलरच्या यंत्रसामग्रीनं भरलेल्या त्या मैदानांवर हे काठीचं साधन टिकून आहे, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

दुसरी गोष्ट, खाली राहा. वाकून बसलेला गडी उठताना आपोआप सरळ होतो, छाती उघडी पडते, आणि ज्याची छाती उघडी त्याला कुणीही ढकलतो. कुस्तीत पट काढायला जाणारा मल्ल कमरेतून न वाकता गुडघ्यातून का बसतो, त्याचं उत्तर हेच. फळीच्या सरावात लोखंडी नळ्यांचा एक बुटका मांडव असतो. त्याच्याखालून धडक मारत जायचं. डोकं वर आलं की छताला लागतं. प्रशिक्षकाला बोलावं लागत नाही. जमिनीवर मोठ्या कड्या आखून त्यांच्या भोवती तिरकं, जवळजवळ जमिनीला लागून पळवतात, कारण भिंतीच्या टोकाला वळसा घालून क्वार्टरबॅककडे जाताना अंग मोटारसायकलसारखं कलंडवावं लागतं. गादी बांधलेल्या लोखंडी घसरगाड्या ढकलण्याचा सराव तर शंभराहून जास्त वर्षांचा आहे.

आणि तिसरी, सगळ्यांत खोल गोष्ट म्हणजे हात. नियम भिंतवाल्याला बांधून ठेवतात. त्याला समोरच्याला कवटाळता येत नाही, कपडा ओढता येत नाही. फळीवाल्याला हात वापरायची मोकळीक जास्त. एके काळी ती इतकी होती की समोरच्याच्या शिरस्त्राणावर कानाजवळ सणसणीत फटका मारून त्याला बधिर करायचं आणि पुढं सटकायचं, हा मान्य डाव होता. लॉस एंजेलिस रॅम्सचा डीकन जोन्स त्यात पटाईत होता. १९७७ साली त्या फटक्यावर बंदी आली. आता हात समोरच्याच्या हातांच्या आतल्या बाजूनं छातीवर बसवायचे, अंगठे वर. तळहात टेकला की कळतं, समोरच्याचं वजन कुठल्या पायावर आहे, तो आपल्याला डावीकडे लोटतोय की उजवीकडे, की मुद्दाम मागं सरकून आपल्याला आत बोलावतोय. त्यावरून पुढचा डाव. कधी पोहणाऱ्यासारखा हात वरून टाकून पलीकडे निघायचं, कधी बगलेखालून खांदा घालून उचकटायचं, कधी सरळ छातीवर घेऊन बैलासारखं रेटत न्यायचं. डावांची नावं वेगळी, पण कुस्तीच्या फडात वाढलेल्या माणसाला यातलं काहीही समजावून सांगावं लागणार नाही.

हे मी नुसत्या साम्याच्या मोहानं म्हणत नाही. या दोन विद्यांचा पूल बांधणारा एक माणूस होऊन गेला. कर्ली कल्प, ॲरिझोना राज्यातल्या युमा गावचा. १९६७ साली त्यानं अमेरिकेच्या राष्ट्रीय महाविद्यालयीन कुस्ती स्पर्धेत हेवीवेट गटाचं विजेतेपद मिळवलं, आणि अंतिम लढतीत समोरच्याला ५१ सेकंदांत चितपट केलं. पुढच्या वर्षी डेन्व्हरच्या संघानं त्याला फुटबॉलसाठी निवडलं, पण त्यांना तो भिंतीत हवा होता. कॅन्सस सिटी चीफ्सनं त्याला आपल्याकडे घेतलं आणि बचावाच्या फळीत उभं केलं. ११ जानेवारी १९७० ला न्यू ऑर्लिन्समध्ये चौथा सुपर बोल, म्हणजे हंगामाचा अंतिम सामना, झाला. समोर मिनेसोटा वायकिंग्ज, सगळ्यांच्या मते जिंकणारा संघ. चीफ्सनं आपले अवजड गडी, त्यात कल्प, थेट वायकिंग्जच्या सेंटरच्या, म्हणजे भिंतीतल्या मधल्या गड्याच्या, मिक टिंगलहॉफच्या, अंगावर बसवले. टिंगलहॉफ चपळ होता, आपल्या काळातला नावाजलेला सेंटर होता, पण कल्पसारखं वजन नाकासमोर बसल्यावर त्याला हलायला जागा उरली नाही. भिंतीचा मधला दगडच निखळला. चीफ्स २३–७ नं जिंकले.

त्या चीफ्सच्या फळीला शिकवणारा माणूस होता टॉम प्रॅट. त्याचं नाव किती जणांना ठाऊक असेल? १९६३ पासून पंधरा वर्षं तो कॅन्सस सिटीत होता, आणि तिथं पहिलं पाऊल टाकल्यापासून पन्नास वर्षांनी, पंच्याहत्तरी उलटल्यावर, ॲरिझोनाच्या संघानं त्याला फळीच्या पोरांना शिकवायला पुन्हा बोलावून घेतलं. खेळ पार बदलला होता, गड्यांची वजनं आणि पगार कुठल्या कुठे गेले होते. हात कुठं ठेवायचा ते बदललं नव्हतं.

उलट बाजूचा दाखलाही सांगायला हवा. टोकियो ऑलिंपिकमध्ये १२५ किलो गटात सुवर्णपदक मिळवलेला गेबल स्टीव्हसन २०२४ च्या मे महिन्यात बफेलोच्या संघात दाखल झाला. त्यानं आयुष्यात कधी फुटबॉल खेळलेलं नव्हतं. पूर्वतयारीचे सामने तो खेळला, पण मुख्य हंगाम सुरू होण्याआधी संघानं त्याला सोडलं. जगातला सर्वोत्तम मल्लसुद्धा थेट फळीत उभा राहू शकत नाही. कुस्तीत समोर एक असतो. इथं एकाशी भिडलेलं असताना बाजूनं दुसरा येऊन बरगडीत बसतो, आणि चेंडू कुठं चाललाय तेही कळावं लागतं. कबड्डीतला साखळीचा गडी हे ओळखेल. कोपरारक्षकानं एकट्यानं झेप घेतली आणि शेजारचा मध्यरक्षक सोबत आला नाही तर पकड सुटते आणि गुण जातो. फळीतल्या प्रत्येक गड्याला एक फट नेमून दिलेली असते. तो कुठं उभा राहणार हे आकड्यांनी सांगायची पद्धत बम फिलिप्स नावाच्या टेक्ससच्या प्रशिक्षकानं रुळवली: शून्य म्हणजे सेंटरच्या नाकासमोर, तीन म्हणजे सेंटरशेजारच्या गार्डच्या बाहेरच्या खांद्यावर, पुढं नऊपर्यंत. एकानं आपली फट सोडून पराक्रमाला धाव घेतली की चेंडूवाला नेमका तिथूनच निसटतो.

आता हे काम करणाऱ्याचा आयुष्यक्रम. अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये संघ ३२. म्हणजे सगळ्या जगात या कामाच्या सर्वोच्च खुर्च्या ३२. फार तर प्रत्येकाला एक-दोन मदतनीस. तिथं पोचायचा रस्ता शाळेच्या मैदानातून जातो. लॅरी जॉन्सन यांनी जवळजवळ दोन दशकं मेरीलँड-व्हर्जिनिया भागातल्या शाळांमध्ये पोरं घडवली, १९९६ मध्ये पेन स्टेट विद्यापीठात पाऊल टाकलं आणि २०१४ पासून ओहायो स्टेटमध्ये त्यांच्या हाताखालून जोई बोसा, निक बोसा, चेस यंग असे गडी निघाले. लोरी लोकस्ट यांनी तर चाळिशीच्या सुमारास स्वतः महिलांच्या संघात खेळायला सुरुवात केली, पेन्सिल्व्हेनियातल्या एका शाळेत शिकवलं, आणि २०१९ मध्ये टँपा बेच्या फळीच्या सहायक प्रशिक्षक झाल्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये टँपानं सुपर बोल जिंकला तेव्हा त्या त्या चमूत होत्या. सव्वाशे-दीडशे किलोच्या पुरुषांना हात कुठं ठेवायचा ते एक बाई शिकवत होती, आणि ते ऐकत होते, कारण तिनं सांगितलेलं केलं की भिंत फुटत होती.

या धंद्यात बिऱ्हाड पाठीवर असतं. मुख्य प्रशिक्षकाला हाकललं की बहुधा त्याच्यासोबत सगळे मदतनीसही जातात. तुमची फळी कितीही उत्तम खेळलेली असो.

आपल्याकडे हा खेळ एकदा येऊन गेला. २०११ मध्ये एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया जाहीर झाली, आणि पहिल्या हंगामात पुण्याचा संघ उतरला तो 'पुणे मराठाज' या नावानं. खेळाडू रग्बी आणि इतर खेळांतून गोळा केलेले. बहुतेकांनी त्याआधी तो लंबगोल चेंडू या नियमांनी कधी हाताळला नव्हता. अंतिम सामन्यात पुण्यानं दिल्ली डिफेंडर्सला ६–० हरवलं. मला त्या निकालातलं शून्य जास्त बोलकं वाटतं. चेंडू अचूक फेकायला आणि झेलायला वर्षानुवर्षांची सवय लागते, ती थोडक्या महिन्यांत येत नाही. पण समोरच्याला रोखून धरणं, अंगानं अंग अडवणं, हे आपल्या पोरांच्या हाडात असतं. लीग पुढं रुजली नाही. रुजली असती तर फळीतले गडी शोधायला त्यांना मोहोळ, माढा, माळशिरसच्या तालमींपर्यंत यावंच लागलं असतं, असं मला आजही वाटतं.

या सगळ्या मंडळींत मी सगळ्यांत जास्त वेळ ज्यांच्या आयुष्यापाशी थांबलो ते रॉड मॅरिनेली. जन्म १९४९, कॅलिफोर्नियातलं रोझमीड गाव. तरुणपणी व्हिएतनाम युद्धात जाऊन आले. परत येऊन शिकले, आणि रोझमीडच्याच शाळेत पोरांना शिकवायला लागले. मग युटा स्टेट, कॅलिफोर्निया, ॲरिझोना स्टेट, सदर्न कॅलिफोर्निया, अशी वीस वर्षं विद्यापीठांत. व्यावसायिक लीगची पायरी त्यांनी चढली ती १९९६ मध्ये, सेहेचाळिसाव्या वर्षी, टँपा बेच्या फळीचे प्रशिक्षक म्हणून.

तिथं त्यांना वॉरन सॅप मिळाला. अफाट ताकदीचा, तितकाच तोंडाळ, रेषेच्या मधोमध खेळणारा गडी. मधल्या गड्याला सॅक सहसा कमी मिळतात, कारण त्याच्याभोवती गर्दी असते. सॅपनं २००० च्या हंगामात साडेसोळा घेतल्या. टोकाला पुढं सिमियन राइस आला. १९९९ ते २००३ या काळात टँपाच्या बचावानं सलग ६९ सामन्यांत प्रत्येकात निदान एक सॅक घेतली, तो त्या वेळचा विक्रम होता. जानेवारी २००३ मध्ये सुपर बोलात ओकलंडचा ४८–२१ असा धुव्वा उडाला, आणि ओकलंडच्या क्वार्टरबॅकच्या पाच फेकी टँपाच्या गड्यांनी मधेच हिसकावल्या. हिसकावणारे मागच्या ओळीतले होते. पण फेकणाऱ्याला घाई कोणी केली, हात उचलायला फुरसत कोणी दिली नाही, हे पाहायचं तर डोळे रेषेवर ठेवावे लागतात.

मॅरिनेलींची एक सवय खेळाच्या जगात सगळ्यांना ठाऊक आहे. सामन्याची चित्रफीत बघताना ते प्रत्येक गड्याची ढिलाई मोजत. चेंडू मैदानाच्या दुसऱ्या टोकाला गेला, आता आपलं काय काम, म्हणून एखाद्यानं दोन पावलं चालत टाकली की त्याच्या नावावर खूण पडे. सॅक किती घेतल्या ते जग मोजत होतं. ते पावलं मोजत होते.

मग २००६ मध्ये डेट्रॉइट लायन्सनं त्यांना मुख्य प्रशिक्षक केलं. मला इथं आपल्या शाळा आठवतात. वर्गात जीव ओतणाऱ्या शिक्षकाला मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसवतात, आणि त्या दिवसापासून तो परिपत्रकं आणि पोषण आहाराचे हिशेब यांत बुडतो. मॅरिनेलींच्या हातात आता चार गडी नव्हते, ५३ होते. शिवाय हल्ल्याची आखणी, पत्रकार, मालक. पहिल्या वर्षी तीन विजय. दुसऱ्या वर्षी सात. तिसऱ्या वर्षी, २००८ मध्ये, सोळा सामने आणि सोळा पराभव. सोळा सामन्यांचा हंगाम सुरू झाल्यापासून असं कुठल्याच संघाचं झालं नव्हतं. हंगाम संपताच त्यांना काढलं. ते सोळा पराभव त्यांच्या नावापुढं कायमचे चिकटले, आणि त्यात दोष त्यांचाही होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. खचलेल्या संघाला उभं करायला फळीची विद्या पुरत नाही.

पुढं काय झालं ते मात्र आठवणीत ठेवण्यासारखं आहे. अवघ्या काही आठवड्यांत शिकागोनं त्यांना बोलावलं, मुख्य प्रशिक्षक म्हणून नव्हे, फळीसाठी. त्यांनी पद लहान म्हणून नाक मुरडलं नाही. वर्षभरात तिथला सगळा बचाव त्यांच्याकडे आला, आणि २०१२ च्या हंगामात शिकागोनं समोरच्यांकडून तब्बल ४४ वेळा चेंडू हिसकावला, लीगमध्ये सर्वाधिक. २०१३ मध्ये डॅलसला, पुन्हा फळीसाठी. तिथंही वर्षभरात सगळा बचाव त्यांच्या हाती आला आणि २०१९ पर्यंत राहिला. त्यांच्या गड्यांना ते 'रशमेन' म्हणत, म्हणजे धाव घेणारे. अडवणारे म्हणत नसत.

२०२० मध्ये ते सत्तरी ओलांडून लास व्हेगासला रेडर्सकडे गेले. सोळा पराभव सोसलेला माणूस, सुपर बोल जिंकलेला माणूस, दोन संघांचा आख्खा बचाव चालवलेला माणूस. पद होतं फळीचे प्रशिक्षक, चोवीस वर्षांपूर्वी टँपात होतं तेच. दोन हंगाम त्यांनी ते काम केलं.